सिकलसेल असलेला मुलगा सोळाचा झाला: बालरोग विभागातून मोठ्यांच्या दवाखान्यात पाठवताना

आरमोरी तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: मुलगा १६ वर्षांचा, एसएस पॅटर्न (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारं सिकलचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं, म्हणजे प्रत्यक्ष आजार), लाल कार्ड (आजार असलेल्याला मिळणारं). चार वर्षांपासून हायड्रॉक्सीयुरिया (सिकलची रोजची गोळी) चालू आहे. मागच्या वर्षी अंगदुखीमुळे दोनदा भरती करावा लागला. दहावी झाली, नागपूरला आयटीआयमध्ये नंबर लागला, वसतिगृहात राहणार. बालरोगच्या डॉक्टरांनी सांगितलं, "यापुढे मेडिसिनच्या ओपीडीत जायचं." आई विचारते: तिथं त्याचं कोण बघेल? कॉलेजात सांगायचं की लपवायचं? त्याला पोलीस भरतीचं वेड आहे, त्याचं काय करायचं? मोठा मुलगा एएस आहे, म्हणजे एकाकडूनच जनुक आलेला वाहक. धाकटी मुलगी १४ वर्षांची, तीही एसएस. तिच्यासाठी आतापासून काय करावं?

ताई, "तिथं त्याचं कोण बघेल" याचं सरळ उत्तर देते. तिथं त्याचं तोच बघणार आहे. मेडिसिनचे डॉक्टर वाईट असतात म्हणून नव्हे, तर तिथली रचनाच वेगळी असते म्हणून. बालरोग वॉर्डात सिस्टर तुमच्या मुलाला नावाने ओळखतात, फाईल बघायच्या आधीच "आला का रे परत?" म्हणतात. मेडिसिनमध्ये दर वारी वेगळं युनिट असतं आणि शिकाऊ डॉक्टर काही महिन्यांनी बदलतात. त्यांच्यासमोर दिवसभर शुगर, बीपी, दमा, लिव्हर, विषबाधा, सर्पदंश अशी रांग लागलेली असते. त्या रांगेत एक बारीक अंगाचा, डोळे पिवळे असलेला पोरगा उभा राहिला तर त्याची कहाणी कुणाला ठाऊक नसते. ती कहाणी आजवर तुमच्या डोक्यात होती. कधी भरती केला, कोणत्या इंजेक्शनने खाज सुटली, किती हिमोग्लोबिनवर तो ठणठणीत असतो, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्याला नाही. ओपीडी बदलण्याआधी ही माहिती तुमच्या डोक्यातून त्याच्या डोक्यात जायला हवी. ते काम चिठ्ठी लिहून देण्याने होत नाही, त्याला महिने लागतात.

हा काळ धोक्याचा असतो, हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत डॅलस इथे सिकलसेल असलेल्या ९०० हून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ९४ टक्के मुलं १८ व्या वर्षापर्यंत जगलेली दिसली. सिकलसेलसाठी हा फार चांगला आकडा आहे. पण अलीकडच्या वर्षांतले बहुतेक मृत्यू मुलं १८ ची झाल्यावर, मोठ्यांच्या दवाखान्यात गेल्यानंतर थोड्याच काळात झालेले होते. बालपणीची लढाई जिंकून पोरं उंबरठ्यावर अडखळत होती. आपल्याकडे तर अनेक शासकीय रुग्णालयांत बालरोग विभागाची वयोमर्यादा १२ वर्षं धरतात. बाहेरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की १२ व्या वर्षी तयारी *सुरू* करा, आणि आपण त्याच वयात पोराला हलवून मोकळे होतो. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या मुलाला १६ पर्यंत सांभाळलं, हे त्यांचं मोठेपण समजा.

आता तो नागपूरला जाईपर्यंत काय करायचं ते सांगते.

पहिलं, पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की गप्प बसा. हे फार कठीण जातं. डॉक्टर विचारतात "कसं आहे?" आणि मुलाने तोंड उघडायच्या आत आई सांगायला लागते. मी माझ्या ओपीडीत १३-१४ वर्षांच्या पुढच्या मुलांना थेट विचारते आणि आईकडे बघायचं नाही असं सांगते. प्रश्न साधेच असतात. तुझा पॅटर्न काय? एसएस म्हणजे काय? आजार आईबाबांकडून कसा आला? गोळीचं नाव काय, किती मिलिग्रॅम, कधी घेतोस? बरा असतोस तेव्हा हिमोग्लोबिन किती असतं? रक्तगट कोणता, आजवर किती वेळा रक्त चढलं? कशाची ॲलर्जी आहे? ताप आला तर काय करशील? बहुतेक मुलं तिसऱ्या प्रश्नालाच अडकतात. जे अडकतं तेच पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचं. मग डॉक्टरांना विनंती करा की दहा मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोला. त्या वयात आईसमोर न विचारता येणारे प्रश्न असतात. लग्न होईल का, मूल होईल का, मिसरूड का फुटत नाही. सिकलमध्ये वयात येणं एक-दोन वर्षं लांबू शकतं. हे कुणी सांगत नाही, आणि पोरं आतल्या आत कुढत राहतात.

याच काळात कामं त्याच्या हाती द्या. केसपेपर त्यानेच काढायचा, गोळ्या त्यानेच मोजून आणायच्या, रक्ताचा रिपोर्ट त्यानेच घ्यायचा. एखाद्या वेळी रांगेत तीन तास जातील, चुकीच्या खिडकीवर उभा राहील. राहू द्या. नागपूरला हेच करायचंय.

दुसरं म्हणजे एक कागद. जाडजूड फाईल कुणी वाचत नाही, रात्री दोन वाजता तर नाहीच. बालरोगच्या डॉक्टरांकडून एका पानाचा सारांश लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा. त्यात एचपीएलसी (पॅटर्न ठरवणारी रक्ताची) तपासणीचा निकाल हवा. हिमोग्लोबिन एफ (बाळपणीचं हिमोग्लोबिन, जे पेशी वाकू देत नाही) किती हेही असावं, कारण आपल्या भागातल्या रुग्णांमध्ये ते बऱ्याचदा चांगलं असतं आणि त्यावरून आजाराचा अंदाज येतो. बरा असतानाचं हिमोग्लोबिन, प्लीहा (डाव्या बरगडीखालचा अवयव) हाताला लागते का, आजवरच्या भरती आणि त्यांची कारणं, छातीचा क्रायसिस (छातीत दुखणं, सोबत ताप, खोकला किंवा धाप) कधी झाला का, झटका किंवा पक्षाघात झाला का, रक्त किती वेळा चढलं आणि तेव्हा काही रिॲक्शन आली का, हायड्रॉक्सीयुरियाचा डोस, घेतलेल्या लसी, आणि दुखणं आलं की त्याला नेमकं कोणतं औषध कितीने लागू पडतं, एवढं पुरे. शेवटी डॉक्टरांचा फोन नंबर.

बरा असतानाचं हिमोग्लोबिन एवढं का महत्त्वाचं? तुमच्या मुलाचं साडेसात-आठवर चालतं असं धरू. त्याच्या शरीराला ते सवयीचं आहे. नव्या डॉक्टरला साडेसात दिसलं की पहिला विचार "रक्त लावा" हाच येतो, आणि घरच्यांनाही वाटतं की रक्त चढलं की पोरगा तरारेल. नुसत्या अंगदुखीसाठी रक्त देऊन उपयोग नसतो. हिमोग्लोबिन एकदम १० च्या वर नेलं तर रक्त दाट होऊन उलट नुकसान होऊ शकतं. शिवाय दर बाटलीबरोबर शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याची शक्यता वाढते, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा जुळणारं रक्त मिळत नाही. रक्त लागतंच अशा वेळाही असतात: हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं, प्लीहा अचानक वाढली, छातीचा क्रायसिस झाला, पक्षाघात झाला. तिथे उशीर नको. पण "तुझं नेहमीचं किती असतं?" या प्रश्नाला मुलाने आकडा सांगितला तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

दुखण्याविषयी जरा जास्त लिहिते, कारण मोठ्यांच्या वॉर्डात सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. लहान मूल रडतं, सिस्टर धावत येते. १८ वर्षांचा पोरगा रडत नाही. सिकलचं दुखणं वर्षानुवर्षं सोसल्यामुळे त्याला तोंड शिवून पडून राहायची सवय झालेली असते, मोबाईल बघत पडतो म्हणजे लक्ष दुसरीकडे जातं. मग सिस्टरला वाटतं, दुखतंय कुठे? त्यातून त्याने इंजेक्शनचं नाव घेऊन मागितलं की "याला इंजेक्शनची चटक लागलीय" असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. सिकलच्या दुखण्याला बाहेरून दिसणारी खूण नसते, एक्स-रे साफ येतो, रक्ताचा रिपोर्ट नेहमीसारखाच येतो. म्हणूनच औषधाची योजना कागदावर, सहीनिशी लागते. मुलालाही शिकवा की "खूप दुखतंय" असं मोघम सांगू नको. कुठे दुखतं, कधीपासून, दहापैकी किती, घरी कोणत्या गोळ्या घेतल्या, आणि हे नेहमीचं दुखणं आहे की वेगळं, असं सांग. शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा. पोटात, छातीत, डोक्यात किंवा एकाच खुब्यात वेगळं दुखत असेल तर तो साधा क्रायसिस, म्हणजे सिकलचं नेहमीचं दुखणं, समजून सोडायचा नाही.

घरी पॅरासिटामॉल, गरम शेक, भरपूर पाणी इथपर्यंत ठीक. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या अधूनमधून चालतात, पण सिकलमध्ये किडनी आधीच नाजूक असते, त्या रोजच्या झाल्या तर किडनीवर जातं. गावाकडे आणि शहराच्या कडेलाही असे दवाखाने आहेत जिथे सुई आणि सलाईन लावून ताबडतोब "आराम" पडतो. त्या सुईत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. त्याने तात्पुरतं बरं वाटतं, आणि दोन-चार दिवसांत दुखणं दुप्पट जोराने परतू शकतं. मुलाला स्पष्ट सांगा की सुईत काय आहे ते विचारल्याशिवाय टोचून घ्यायची नाही.

कधी थांबायचं नाही, हे त्याच्या खोलीसोबत्यालाही ठाऊक हवं. ताप १०१ च्या वर गेला तर तो "व्हायरल" समजून गोळीवर झोपायचं नाही. एसएसमध्ये प्लीहा नीट काम करत नाही आणि जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. छातीत दुखणं आणि त्यासोबत ताप, खोकला किंवा धाप. तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं. अचानक पांढरं पडणं आणि डाव्या बरगडीखाली गोळा लागणं. या सगळ्यांत रात्र असो की रविवार, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, जी ना आई सांगते ना बाप: लिंगाला आलेला ताठरपणा उतरत नाही आणि दुखत राहतो. ही सिकलची गुंतागुंत आहे. यात त्याचा दोष नाही, लाजण्यासारखंही काही नाही. दोन तासांत उतरला नाही तर दवाखान्यात जायचंच. चार तासांपुढे गेलं तर कायमचं नुकसान होऊ शकतं. पोरं लाजेने सकाळपर्यंत थांबतात. हे त्याला बाबांनी सांगावं, किंवा मोठ्या भावाने, किंवा डॉक्टरांनी. पण नागपूरला जायच्या आधी कुणीतरी सांगायलाच हवं.

मलेरियाबद्दल गडचिरोलीत हमखास ऐकू येतं, "सिकलवाल्याला मलेरिया होत नाही." हे अर्धसत्य आहे. एएस असलेल्यांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणजे तुमच्या थोरल्याला. एसएस असलेल्याला मलेरिया झाला तर तो जास्त घातक ठरतो. सुट्टीत गावी आला की मच्छरदाणी सक्तीची.

आता गोळी. वसतिगृहात तिचं काय होतं ते माझ्या चांगलं परिचयाचं आहे. खोलीत चार पोरं, हा रोज कॅप्सूल घेतो, कुणीतरी पाकिटावरचं नाव मोबाईलमध्ये टाकतं, आणि पहिल्याच ओळीत "कॅन्सर" दिसतं. त्या दिवसापासून गोळी बंद. हायड्रॉक्सीयुरिया रक्ताच्या काही कॅन्सरमध्येही वापरतात हे खरं आहे. सिकलमध्ये तिचं काम वेगळं: हिमोग्लोबिन एफ वाढवणं, म्हणजे पेशी विळ्यासारख्या वाकणं कमी होतं. हे मुलाला त्याच्या खोलीसोबत्याने सांगण्याआधी तुम्ही सांगा. "तुला कॅन्सर नाही, गोळी तीच पण काम दुसरं" एवढं वाक्य पुरतं. दुसरी अडचण अशी की गोळीचा फायदा डोळ्याला दिसत नाही. घेतली म्हणून आज बरं वाटलं असं होत नाही, परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि बंद केल्यावरही काही आठवडे काहीच बिघडत नाही. पोरगा म्हणतो, "बघ, नाही घेतली तरी काही झालं नाही." मग थंडी पडते आणि तो भरती होतो. घेतो की नाही यावर भांडू नका. दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचाच असतो, त्यात लाल पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही नावाचा आकडा असतो. गोळी नियमित घेणाऱ्याचा तो वाढलेला राहतो, बंद केली की हळूहळू उतरतो. तो आकडा त्याला स्वतःला वाचायला शिकवा. मुलं रागावण्याला दाद देत नाहीत, पण आपला आकडा दाखवला की लक्ष देतात. सीबीसी पांढऱ्या पेशी खाली गेल्या नाहीत ना हे बघायलाही लागतो, तो टाळता येत नाही. नखं काळपट होतात, त्याला घाबरू नये.

जिल्हा बदलला की गोळीचा पुरवठा तुटतो, ही दुसरी फट. गडचिरोलीतून निघताना निदान दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत द्या, आणि पहिल्याच महिन्यात नागपूरच्या दवाखान्यात नाव नोंदवून घ्या. दुखणं आलं की जाऊ, असं नको. बरा असतानाची पहिली भेट फार उपयोगी पडते. डॉक्टरने त्याला धडधाकट बघितलेलं असलं की आजारी पडल्यावरचा फरक त्याला कळतो.

पाण्याबद्दल सगळेच सांगतात, मी एक बारकावा सांगते. सिकलमध्ये किडनी लघवी घट्ट करू शकत नाही. त्यामुळे शरीरात पाणी कमी पडलेलं असतानाही लघवी भरपूर आणि पातळ होत राहते. "लघवी साफ आहे म्हणजे पाणी पुरेसं आहे" हा हिशोब त्याला लागू नाही. नागपूरच्या मे महिन्यात, वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या शेजारी उभं राहून, तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. बाटली बेंचवर ठेवायची परवानगी इन्स्ट्रक्टरकडून आधीच घ्यावी. याच कारणाने काही मुलांना १५-१६ व्या वर्षीही रात्री अंथरुणात लघवी होते. घरी ते चालून जातं, वसतिगृहात तो नरक होतो. तसं असेल तर डॉक्टरांशी उघड बोला, पण त्यावर उपाय म्हणून पाणी तोडू नका. संध्याकाळचं कमी करून दिवसाचं वाढवा आणि रात्री उठायचा गजर लावा.

डोळे पिवळे दिसतात, त्यावरूनही कुणीतरी "कावीळ झाली, आमच्याकडे झाडपाला देतात" म्हणेल. थोडा पिवळेपणा त्याचा नेहमीचाच आहे. नेहमीपेक्षा गडद झाला, उजव्या बाजूला पोट दुखलं, ताप आला, तर दवाखाना. पित्ताशयात खडे होणं या वयात अजिबात दुर्मिळ नाही. बिडी-सिगारेट आणि दारूबद्दल वेगळं व्याख्यान देत नाही. दारूने शरीरातलं पाणी जातं आणि धुराने छाती बिघडते, त्याच्यासाठी दोन्हींचा हिशोब इतरांपेक्षा वेगळा आहे, एवढं त्याला एकदा सांगून ठेवा.

पोलीस भरती. ताई, इथे गोड बोलून उपयोग नाही. १६०० मीटर जिवाच्या आकांताने धावणं, तेही पहाटेच्या थंडीत किंवा उन्हात, एसएस असलेल्या मुलासाठी धोक्याचं आहे. आणि समजा निवड झाली, तरी पुढचं प्रशिक्षण त्याहून कठीण. "बघू, प्रयत्न करू दे" असं म्हणून त्याचं मन राखू नका, तो चोरून सराव करेल आणि मैदानात कोसळेल. पण नुसतं "तुला जमणार नाही" सांगितलं तर तो गोळीही सोडेल, कारण त्याच्या लेखी सगळा दोष आजाराचा. त्याला चालणं, हळू सायकल, बॅडमिंटन, दम लागला की थांबायची मुभा असलेला कोणताही खेळ चालतो. आयटीआयचा ट्रेड अजून ठरला नसेल तर तोही जपून निवडा. भट्टी आणि फाउंड्री नको. इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्ट्समन, कॉम्प्युटर ऑपरेटर यांत बसून काम असतं आणि पाणी हाताशी असतं. थोरला एएस आहे, त्याला भरती करायची असेल तर करता येईल, पण सराव हळूहळू वाढवणं, उन्हात जोर न लावणं आणि भरपूर पाणी पिणं त्यालाही बंधनकारक.

कॉलेजात सांगायचं की नाही? सगळ्यांना नाही, पण तिघांना सांगा: वॉर्डन, एक इन्स्ट्रक्टर, एक खोलीसोबती. आणि ते मुलाने स्वतः सांगावं, तुम्ही फोनवर नव्हे. लपवण्याचा तोटा असा की तो अंगदुखीने दोन दिवस गैरहजर राहतो, कुणाला कारण माहीत नसतं, आणि "कामचुकार" हे नाव चिकटतं. सिकल संसर्गाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे एकदा स्पष्ट कळलं की मुलं बहुधा समजूतदार निघतात.

कागदपत्रांचं आटोपशीर सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेल २१ प्रकारांपैकी एक आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. टक्केवारी ४० किंवा जास्त आली तर उच्च शिक्षणातल्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. मात्र त्याच कायद्यातलं सरकारी नोकरीतलं आरक्षण ज्या प्रकारांना आहे त्यांत रक्ताचे आजार नाहीत. एजंट काहीही सांगतील, पैसे देऊ नका. बोर्डाच्या परीक्षेत सिकलच्या विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, पुढे लेखी परीक्षा आल्या की कॉलेजात तसा अर्ज वेळेत द्यायचा. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलच्या रुग्णांना प्रवास सवलत आहे, आगारात विचारून कागद तयार ठेवा. १८ पूर्ण झाले की संमतीपत्रावर सही त्याची लागते, आणि शाळेतल्या मुलांची तपासणी करणारी आरबीएसकेची गाडीही त्याच वयाला थांबते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं ध्येय ठेवलं. तपासणी हवीच. पण माझी तक्रार अशी की कार्ड वाटण्यात जेवढा उत्साह दिसतो, तेवढा लाल कार्ड हातात असलेल्या १९ वर्षांच्या पोराला दर महिन्याला कोण भेटतं, हे विचारण्यात दिसत नाही.

मोठं होताना आजाराचा चेहराही बदलतो, नव्या डॉक्टरांकडून वर्षातून एकदा काय बघून घ्यायचं ते लक्षात असू द्या. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, पडद्यासह डोळ्यांची तपासणी, रक्तदाब. खुब्यात किंवा मांडीत चालताना दुखत असेल तर एक्स-रे साफ आला म्हणून सोडू नका, सुरुवातीचा झिजणारा खुबा एमआरआयमध्येच दिसतो. धाप वाढली तर इको (हृदयाची सोनोग्राफी). न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) लस आणि तिचा पुढचा डोस कधी, हे विचारून कागदावर लिहून घ्या, कारण मोठ्यांच्या ओपीडीत लसीची आठवण सहसा कुणी करत नाही.

आणखी एक प्रश्न बालरोग विभाग सोडण्याआधी विचारा: बोनमॅरो ट्रान्सप्लांट. सख्ख्या भावंडाशी एचएलए (दाता जुळतो का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळलं तर हा आजार मुळापासून बरा करणारा उपचार आहे. तुमचा थोरला एएस आहे, तरी तो दाता होऊ शकतो. वय वाढतं तसे धोके वाढतात, म्हणून दोन्ही धाकट्यांसाठी ही तपासणी करायची की नाही याचा निर्णय आता घ्या, पाच वर्षांनी नको. खर्च आणि जोखीम दोन्ही मोठी, प्रत्येकाला गरजही नसते. जनुक-उपचाराच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये दोन उपचारांना मान्यता मिळाली, एकेकाची किंमत २० लाख डॉलरच्या वर. आजच्या तुमच्या निर्णयात ते धरू नका.

आता धाकटी. तिच्यासाठी वरचं सगळं आहेच, तेही आतापासून. १४ व्या वर्षी सुरुवात केली तर घाई करावी लागत नाही. पाळीच्या दिवसांत तिचं अंग जास्त दुखतं का, ते तिला वहीत लिहायला लावा. पुष्कळ मुलींमध्ये क्रायसिस आणि पाळी यांचा मेळ दिसतो, आणि त्यावर उपाय करता येतो. पण मुलींचा दवाखाना खऱ्या अर्थाने बदलतो तो लग्नात. लाल कार्ड सासरी कळू नये म्हणून गोळ्या माहेरीच राहतात. नव्या घरी ती पहाटे थंड पाण्यात भांडी घासते, रोवणीला दिवसभर पाण्यात उभी राहते, दुखलं तर "नवी नवरी नखरे करते", आणि पहिल्या बाळंतपणात धोक्यात येते. लपवून केलेलं लग्न तिच्या जिवावर येतं, म्हणून मी या बाबतीत कुणाचीही भीड ठेवत नाही. मुलगा बघतानाच त्याची सिकलची तपासणी मागा. तो एए (सिकलचं जनुक नसलेला) असेल तर मुलं सगळी एएस होतील, आजारी कुणी नाही. तो एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता निम्मी. तसं लग्न होऊच नये असं मी म्हणणार नाही, पण गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यात करता येते हे दोघांना आधी माहीत हवं. तिची हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर गर्भ राहण्याआधी सुमारे तीन महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करायची असते, म्हणजे दिवस ठरवून राहायला हवेत. तोवरच्या काळासाठी तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, जे सरकारी दवाखान्यात "अंतरा" नावाने मिळतं, सिकलच्या बहुतेक मुलींना चालतं. नेहमीच्या इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, त्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. तिची प्रसूती पीएचसीत करायची नाही, मोठ्या रुग्णालयात आणि पहिल्या महिन्यापासून नोंद करूनच. मुलाच्या बाबतीतही, लग्न ठरताना मुलीची तपासणी, आणि मूल हवं असेल तेव्हा गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलणं, कारण त्याने शुक्राणू कमी होऊ शकतात.

राहिला प्रश्न, तुम्ही सोबत जावं का. पहिल्या भेटीला जा, आत बसा, बोलू मात्र त्याला द्या. दुसऱ्या भेटीला जा आणि बाहेरच्या बाकावर बसा. तिसऱ्यापासून तो एकटा जाईल, तुम्ही रात्री फोन करून तीन गोष्टी विचारा: सीबीसी झाला का, गोळ्या किती दिवसांच्या मिळाल्या, पुढची तारीख कोणती. भरती व्हायची वेळ आली तर मात्र मागेपुढे न बघता निघा. मेडिसिन वॉर्डात १६ वर्षांच्या पोराजवळ रात्री कुणी माणूस नसला, तर पाणी द्यायलाही कुणी नसतं. तुमच्या गावच्या आशाताईंचा आणि बालरोगच्या डॉक्टरांचा नंबर त्याच्या फोनमध्ये असू द्या, आणि वॉर्डनचा तुमच्या फोनमध्ये.